सकाळचा कोड

"हे बघ, आईचा पासवर्ड पक्का करायच्या भानगडीत पडू नकोस. विसरते ना ती? विसरू दे."

थोरलीने फोनवर असं बजावून सांगितलं होतं, आणि धाकटीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. एक तर सांगणारी थोरली. त्यात विषय पासवर्डचा. धाकटी एका मोठ्या कंपनीच्या मदत कक्षात कामाला होती. पासवर्ड विसरलेली माणसं दिवसभर तिच्या टेबलापुढे तोंड पाडून उभी असत. कुणी कीबोर्डच्या पोटाला चिठ्ठी चिकटवून ठेवतं, कुणी बायकोचा वाढदिवस टाकतं आणि नेमका तोच विसरतं, हे सगळं तिला पाठ होतं. लेक झाल्यापासून ती रजेवर होती एवढंच. लेक अजून रांगत होती. तिला सगळे गुंडी म्हणत. थोरली शाळेत चित्रकला शिकवायची. तिने आता धाकटीला पासवर्ड शिकवावेत?

पण खरं दुखणं पासवर्डचं नव्हतंच. दुखणं होतं कोडचं.

बाबा गेल्यापासून आई एकटी राहायची, धाकटीच्या घरापासून तासाभराच्या बसवर. थोरली पार दुसऱ्या शहरात. म्हणजे आईची औषधं धाकटीने आणायची, गळका नळ धाकटीने बघायचा, दाराला आतून साखळी बसवून घ्यायची तीही धाकटीने. आणि रोज सकाळी आईचा पहिला आवाज कुणी ऐकायचा, तर थोरलीने. कारण आई चहा झाला की बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर मेल बघायला बसे आणि रोज नेमाने पासवर्ड विसरे. मग 'पासवर्ड विसरलात?' या निळ्या अक्षरांवर टिचकी मारायची. त्यासरशी सहा आकडी कोड थोरलीच्या मोबाइलवर जायचा. आई थोरलीला फोन लावायची, थोरली आकडे सांगायची, आई नवा पासवर्ड टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी तोही विसरायची.

सहा आकडे सांगायला असा किती वेळ लागतो? पण हा फोन आईची कपबशी विसळून पालथी घालून होईपर्यंत चालायचा.

एका रविवारी हे धाकटीच्या डोळ्यांदेखत झालं. ती गुंडीला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होती. आईने मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये धरला होता.

"बोल, ऐकतेय," आई म्हणाली. तिने सगळी नोकरी एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. आकडे ती अजून जोडीजोडीनेच घ्यायची. "चव्वेचाळीस. सदतीस. शून्य नऊ. बरोबर." एकदा ऐकलं, बोटं चालली, काम झालं. पण फोन काही खाली ठेवला नाही. "हं... मग? मुख्याध्यापिका काय म्हणाल्या?" आणि आई हसायला लागली. डोळ्यांच्या कडा पदराने पुसण्याइतकी हसली.

"काय झालं गं?" फोन संपल्यावर धाकटीने विचारलं.

"काही नाही, ताईच्या शाळेतली गंमत."

"मला पण सांग ना."

"अगं, तुला ती माणसं माहीत नाहीत. सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."

पहिल्यापासून सांगावं लागेल. हे वाक्य धाकटीच्या असं जिव्हारी लागलं की गुंडीच्या तोंडापुढचा चमचा तिथेच थांबला आणि गुंडीने त्याला हात मारून भात सगळा तिच्या कुडत्यावर उडवला.

तेव्हापासून तिला जागोजागी तेच दिसायला लागलं. आईने खिडकीचे पडदे बदलले. का बदलले ते थोरलीला ठाऊक. आईला आठवडाभर खोकला होता, धाकटीने विचारलं तर, "ताईला म्हटलं होतं की. आता बरा आहे." समोरच्या वहिनींच्या मुलाचं लग्न मोडलं, ही बातमी आधी दुसऱ्या शहरात गेली आणि तिथून फिरून तासाभराच्या बसवर आली. कष्ट आपण करायचे आणि गोडवा त्या बाईने घ्यायचा, तोही सहा आकड्यांच्या जोरावर. रात्री गुंडीला थोपटतानासुद्धा ती हाच हिशेब मांडत असे.

नवऱ्याने एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लोक बायकोच्या मोबाइलवर कुणाचे मेसेज येतात म्हणून जळतात. बहिणीच्या मोबाइलवर मशीनचे मेसेज येतात म्हणून जळणारी तू पहिलीच."

"मी जळत नाहीये. आईचं विसरणं वाढलंय. मला काळजी वाटते."

"काळजी वाटते तर डॉक्टरकडे ने. फोन नंबर कशाला बदलतेस?"

 ती गुंडीच्या लंगोटांच्या घड्या घालत राहिली, जरा जास्तच दाबून.

काळजी खोटी नव्हती हं. विसरण्याच्या आजारावर तिने मोबाइलवर इतकं वाचून काढलं होतं की तिला स्वतःलाच सगळी लक्षणं जाणवू लागली होती. म्हणून पुढच्या रविवारी तिने सहज विचारल्यासारखं करून आईची परीक्षा घेतली. "आई, तुमच्या कारखान्यात भांडार विभागाचा नंबर काय होता गं?"

"दोनशे सोळा," आई भाजी चिरता चिरता म्हणाली. "साहेब जागेवर नसले की दोनशे अठरा. आणि दोनशे अठरावरची बाई खडूस होती, तिला आधी 'जेवलात का' विचारावं लागे. का गं?"

खरं म्हणजे धाकटीला तिथेच शंका यायला हवी होती. बंद पडलेल्या कारखान्याचे नंबर जिला आजही पाठ आहेत, तिला कालचा पासवर्ड आठवू नये? पण तिचा सगळा संशय तेव्हा थोरलीवर रोखलेला. तिने लॅपटॉप उघडला आणि बाह्या सरसावल्या.

"आण बघू बोट," ती म्हणाली. "ठेव इथे. उचल. परत ठेव."

आईचं बोट भांड्यांच्या पाण्याने सुरकुतलेलं होतं. मशीन ते ओळखेना. धाकटीने ते आपल्या ओढणीने पुसलं, तळव्यात धरून गरम केलं, पुन्हा टेकवलं. आईचा हात इतका वेळ आपल्या हातात कधी राहिला होता, हे तिला आठवेना. मशीनने अखेर बोट मानलं. मग चार शब्दांचा लांबलचक पासवर्ड झाला. नव्या ठिकाणाहून कुणी खातं उघडलं तर कळवणारी सोय झाली. मदतीला असावं म्हणून आईचं खातं तिने स्वतःच्या मोबाइलवरही जोडून घेतलं. सगळ्यात शेवटी थोरलीचा नंबर आला. 'हा नंबर काढून टाकायचा का?' असं पडद्याने विचारलं. धाकटीने 'हो' दाबलं. इतक्या मनापासून 'हो' तिने लग्नाच्या वेळीसुद्धा म्हटलं नव्हतं. त्या जागी तिने आपला नंबर घातला.

"म्हणजे आता विसरलं तरी चालेल?" आईने विचारलं.

"विसरायला काही उरलंच नाही, आई. बोट ठेवायचं की उघडलं."

"रोज?"

"रोज. आणि कधी अडलंच तर कोड माझ्याकडे येईल. मला फोन करायचा, ताईला नाही."

आईने स्वतःच्या बोटाकडे जरा वेळ बघितलं. "बरीच सोय झाली म्हणायची," ती म्हणाली आणि भाजी घेऊन उठली.

निघताना धाकटीने दाराबाहेर थांबून आतली साखळी लागल्याचा आवाज ऐकला आणि मगच जिना उतरली. तिने बसवून घेतलेली साखळी आई रोज लावते की नाही, याची तिला खात्री लागे.

त्याच संध्याकाळी थोरलीचा फोन आला.

"माझा नंबर काढलास?"

"तुला कसं कळलं?"

"मेसेज आला मला, काढल्याचा. तुझ्याच सुरक्षेचा. मी तुला नको म्हटलं होतं ना?"

"ताई, जगात सगळीकडे पासवर्ड असेच पक्के करतात. माझं कामच आहे ते. तू आपली रोज विसरू द्यायचीस तिला. अशाने डोकं गंजतं माणसाचं."

 थोरली म्हणाली, "ठीक आहे. हौस होती ना तुला? मग सकाळचं आता तू बघ."

"बघेन की."

धाकटीला वाटलं, मैदान मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गुंडीला कडेवर आणि मोबाइलला हाताशी ठेवून वाट बघितली. कोड आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कसा येणार? तिनेच असं चोख काम केलं होतं की अडायला जागाच नव्हती. आईने आपण होऊन फोन करावा, तर तोही नाही. मग तिच्या मनात आलं, थोरलीला करत असणार. कोड गेला तरी सवय कुठे जाते? ते डोक्यात आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. आपणहून फोन करायला बोटं शिवशिवत, पण ती मनाशी म्हणे, बघू तरी, आईला माझी आठवण कधी येते ते. रविवारी गुंडीला ताप होता. तिने चार शब्दांचा मेसेज टाकून जाणं टाळलं. आईचं उत्तर आलं, "काळजी घे तिची." एवढंच. थोरलीला एवढंच लिहिते का?

आणि मग तिने ते केलं, जे करू नये म्हणून ती कंपनीतल्या नव्या लोकांना दरवेळी दटावायची. स्वतःच्या मोबाइलवर आईचा मेल उघडला. थोरलीला लिहिलेलं काहीतरी सापडेल म्हणून ती खालीखाली जात राहिली. विजेचं बिल. चष्म्याच्या दुकानाची जाहिरात. पुन्हा विजेचं बिल. थोरलीला काही नाही, थोरलीकडून काही नाही. हे बघायला आई रोज सकाळी बसते?

खातं कधी उघडलं याची नोंद मात्र होती, आणि मदत कक्षातल्या बाईला ती वाचता येत होती. रोज चहानंतर आईचं बोट टेकलेलं. उघडलं की लगेच बंद. रोज तसंच. पण काल काही नाही. आणि आज, आता जेवणाची वेळ व्हायला आली तरी काही नाही.

पहिला विचार काय आला, तर आई थोरलीकडे गेली. मला न सांगता. गाडीत बसवून नेली असेल तिने, माझी खोड मोडायला. धाकटीचं अंग रागाने तापलं. तिने गुंडीला जेवू घातलं, निजवलं, स्वतः दोन घास गिळले. फोन करायचा नाही म्हणजे नाही. शेवटी राहवेना, तेव्हा तिने आईला नाही, थोरलीला लावला, टोमणा मारायला.

"काय, रमली का आई तिकडे?"

"कुठे?"

"तुझ्याकडे. एका शब्दाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"आई माझ्याकडे नाहीये," थोरली म्हणाली. मागे शाळेची घंटा वाजत होती. "तुला सकाळी फोन नाही आला?"

"मला कशाला येईल? तुला करते ना ती."

"मला? नंबर काढल्यापासून एकदाही नाही. मला वाटलं, आता रोज तुला करते."

 घंटा वाजायची थांबली.

"अगं, तो कोड तिची हजेरी होती," थोरलीचा आवाज पडला होता. "उठली, चहा झाला, ठीक आहे, एवढं त्यातून कळायचं. म्हणून म्हटलं होतं तुला, सकाळचं तू बघ."

पुढचं धाकटीला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आईचा मोबाइल वाजत राहिला, उचलला गेला नाही. समोरच्या वहिनी बाहेरगावी गेलेल्या. निजलेल्या गुंडीला तशीच उचलून ती टॅक्सीत बसली. पायांत चपला दोन वेगळ्या जोडांच्या होत्या, ते तिला जिन्यात दिसलं. तिने किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि खाडकन अडलं.

साखळी.

"आई," तिने फटीला तोंड लावून हाक मारली. आत टेबलावर लॅपटॉप मिटलेला, त्याच्याशेजारी मोबाइल. "आई गं."

स्वयंपाकघरातून अगदी बारीक आवाज आला. "हळू. लेकरू उठेल."

 धाकटीने खालच्या मजल्यावर धावत जाऊन दार ठोठावलं. तिथल्या आजोबांनी लोखंडी करवत आणली. साखळी तिने चांगली जाडजूड निवडली होती. आजोबा करवत चालवत होते, गुंडी उठून रडत होती, आणि धाकटी फटीतून आईशी बोलत होती, जे तोंडाला येईल ते. गुंडीला दात येतोय. नवऱ्याने शर्टावर इस्त्री जाळली. आई आतून "हं, हं" म्हणत होती. इतके दिवस फोनवर बोलायला हवं होतं ते सगळं ती आता तुटत्या साखळीपलीकडे ओतत होती.

आई ओट्याजवळ एका कुशीवर पडलेली होती. काल सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधीच पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं, हे नंतर कळलं; हलता येत नाही, हे तिचं तिला लगेच कळलं होतं. ओट्याखालच्या बादलीपर्यंत हात पोचत होता, म्हणून ओंजळीने पाणी तरी पोटात गेलं. मोबाइल मात्र बाहेरच्या खोलीत वाजला तेवढा ऐकू आला.

शस्त्रक्रिया झाली. आई शुद्धीवर आली तेव्हा पलंगाच्या एका बाजूला धाकटी होती आणि दुसऱ्या बाजूला रात्रभर प्रवास करून आलेली थोरली, केसांना रंग लागलेला तसाच.

"तू विसरत नव्हतीस ना?" धाकटीने विचारलं.

"कारखान्यातले सगळे नंबर डोक्यात ठेवले मी," आई म्हणाली. "एक पासवर्ड ठेवता येणार नाही?"

"मग सरळ फोन का नाही करायचीस?"

"काय सांगून करू? रोज उठून 'मी आहे हं अजून' म्हणू? तुम्ही आपापल्या गडबडीत. काम सांगून फोन केला की कुणी वैतागत नाही, हे मी बोर्डावर शिकले."

धाकटीला खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण पोटातलं ओठावर आलंच. "मग ताईच का? माझा नंबर का नाही दिलास?"

"पहिला तुझाच दिला होता," आई सावकाश म्हणाली. "गुंडी तेव्हा नुकतीच झाली होती. दोनदा कोड मागितला. तू म्हणालीस, 'आई, लिहून ठेव ना गं कुठेतरी, आत्ताच निजली होती ती.' मग बदलून घेतला."

धाकटीला हे काही आठवेना. आपण तसं म्हणालो असणार, हे मात्र तिला पुरतं पटलं.

तिने थोरलीकडे बघितलं. "तुला हे सगळं माहीत होतं. मला नीट सांगितलं का नाहीस?"

"तिची लबाडी मी कशाला उघडी पाडू?" थोरली चादरीची चुणी सरळ करत राहिली. "आणि खरं सांगू? मला तो फोन सोडायचा नव्हता. तू दर रविवारी तिच्या हातचं खातेस. गुंडी तिच्या मांडीवर झोपते. माझ्या वाट्याला काय, तर सहा आकडे. तेही तुला बघवेनात."

 आपल्यावरही कुणी जळत असेल, हे धाकटीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"भांडा तुम्ही," आई डोळे मिटून म्हणाली. "पण आधी माझं ते बोट काढा बाई त्या मशीनमधून."

बोट निघालं. नंबर आता दोघींचे आहेत. कोड कुणाकडे पाठवायचा ते आईने रोज निवडायचं. साखळी पुन्हा लावलेली नाही. आई काठी घेऊन चालते, चहा करते आणि नेमाने पासवर्ड विसरते. धाकटी सुधारली म्हणावं, तर तसंही नाही. लागोपाठ कोड थोरलीकडे गेला की तिच्या कपाळावर अजून आठी पडते, आणि चहाची वेळ टळायच्या आत ती थोरलीला तुटक मेसेज टाकते, "आला का?" थोरलीचं उत्तरही तसंच तुटक, "आला." मंगळवारी कोड धाकटीकडे आला, तेव्हा गुंडी खांद्यावर नुकती निजत होती. धाकटीने आकडे जोडीजोडीने सांगितले, अगदी हळू, आणि मग विचारलं, "बरं, वहिनींच्या मुलाचं काय झालं पुढे? पहिल्यापासून सांग."

रजा संपून ती पुन्हा मदत कक्षात बसते. पासवर्ड कसा पक्का करावा, हे अजून तितक्याच तळमळीने शिकवते. फक्त शेवटी एक गोष्ट विचारते, आणि तीच तिला तुम्हालाही विचारायची आहे. तुमच्याकडे कुणी काहीबाही विसरून सारखं फोन करायचं का? चष्मा कुठे ठेवला, टीव्हीचं कुठलं बटण दाबायचं, असलं काहीतरी? ते अलीकडे थांबलं असेल, तर सगळं सुरळीत झालं असं धरून चालू नका. हे वाचून झालं की त्यांना एक फोन लावा. काय सांगून, हा प्रश्न पडला तर खुशाल सांगा, मी पासवर्ड विसरलेय.